गाडीचे घर

परराज्यात जाऊन नवी मालमोटार खरेदी करणे हा अधर्म आहे काय? प्रश्न वरवर हास्यास्पद वाटेल. जेथे माल चांगला आणि भाव वाजवी तेथे व्यापाऱ्याने जावे. त्यात दोष कसला? परंतु सिल्वासा येथे वकिली करीत असता या साध्या प्रश्नामागे दडलेला दुसरा प्रश्न आमच्यापुढे वारंवार आला आहे.

गेल्या वर्षी पालघर जिल्ह्यातील एक परिचित गृहस्थ आमच्याकडे आले. येथील विक्रेत्याकडे त्यांनी मालमोटार ठरविली होती. "वकीलसाहेब, येथल्या एखाद्या खोलीचा भाडेकरार तेवढा करून द्या. नोंदणी येथेच झाली की करात बचत होईल," असे ते म्हणाले. त्या खोलीत ते एक रात्रही राहणार नव्हते, आणि गाडी उभी राहणार होती तलासरीजवळच्या त्यांच्या आवारात.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ४० वे कलम गाडी कोठून घेतली हे विचारीत नाही. मालकाचे जे घर वा धंद्याचे ठिकाण असेल आणि जेथे गाडी एरव्ही ठेवली जात असेल, तेथल्या राज्यात तिची नोंदणी व्हावी, एवढेच ते सांगते.

"देशभर धावणाऱ्या गाडीला कसले आले घर? आणि या सीमा तरी कोणी आखल्या?" गृहस्थांचा हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. वापीहून सिल्वासाला येताना गुजरात, दादरा, पुन्हा गुजरात आणि मग नगरहवेली असा प्रवास घडतो. या सीमेचे मूळ मराठे व पोर्तुगीज यांच्या १७७९ च्या तहात आहे. त्या तहाने सार्वभौमत्व नव्हे, केवळ महसुलाचा हक्क दिला गेला, असे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६० साली मानले. सीमा कृत्रिम असेल. पण तिच्या कोणत्या बाजूस आपण राहतो, हे सांगणे खरे किंवा खोटे असतेच.

वकिलीच्या आरंभी असा एक करार आम्ही स्वतः लिहून दिला होता. यात कोणाचे काय बिघडते, असे तेव्हा वाटले. पुढे अपघातात पाय गमावलेल्या एका मजुराचा दावा आमच्याकडे आला. मालमोटारीचा विमा संपलेला, आणि मालकास धाडलेली नोटीस परत आलेली. नोंदणीतल्या पत्त्यावर तसा कोणी राहतच नव्हता! तो करार आमच्या हातचा नव्हता, पण आमच्या कराराचा सख्खा भाऊ होता. त्या दिवशी आमची मान खाली गेली.

नवी गाडी आली की आपण तिला हार घालतो, नारळ फोडतो, घरी सत्यनारायण करतो. त्या कथेतील साधुवाणी आठवावा. नौकेत काय आहे, असे दंडी संन्याशाने विचारता त्याने धन लपवून लतापत्रे सांगितली, आणि नौकेत लतापत्रेच झाली. ही कथा ऐकून, प्रसाद घेऊन, त्याच हाताने खोट्या पत्त्याखाली सही कशी करावी?

आम्ही करार करून दिला नाही. गृहस्थांनी गाडी येथूनच घेतली, तात्पुरत्या नोंदणीवर घरी नेली आणि कर तेथे भरला. जादा पडलेल्या पैशांबद्दल ते आम्हांस अजून बोल लावतात. तो बोल आम्ही मुकाट्याने ऐकून घेतो.