चैत्रातली हजेरी

फाल्गुन सरत आला की वैजापूरकडच्या शाळा सकाळच्या होतात. सातच्या सुमारास प्रार्थना, दुपारच्या आत शेवटची घंटा, आणि त्यापुढचं ऊन कोणाच्याच वेळापत्रकात नसतं. आपल्याकडे वसंत ऋतू भेटतो तो वार्षिक परीक्षेच्या निबंधात. पोरं कोकिळा आणि आम्रमोहर लिहीत असतात, खिडकीबाहेर कडुनिंब खरोखरच फुललेला असतो, आणि तिकडे बघणाऱ्याला पर्यवेक्षिका म्हणून मीच दटावत असते. 2025 साली तर पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबल्या, म्हणजे चैत्रही पेपरातच गेला. सहल म्हणून सरकारदरबारी जी मोजली जाते ती हिवाळ्यात निघते: एसटी, संमतीपत्रं, वेरूळ, दौलताबाद, संध्याकाळी उलट्या करणारी दोन-चार पोरं. वसंतातल्या भटकंतीला परवानगी मागावी असा रकानाच नाही. त्यामुळे ती पायीच करायची, शाळा सुटल्यावर ऊन फार चढायच्या आत परत येता येईल एवढीच.

पावसाळा बरा झाला असेल तर नारंगी धरणात या दिवसांत पाणी टिकून असतं, नाहीतर भेगाळलेला गाळ. पळस-पांगाऱ्याचा थाट बघायचा तर गौताळ्याच्या डोंगराकडे जावं लागतं. आमच्या सपाटीवर वसंत येतो तो करंजाच्या कोवळ्या, तेलकट चकाकीच्या पानांतून आणि लिंबाच्या मोहराच्या कडसर गोड वासातून. पुस्तकातला वसंत शोधत आलेल्याला तो दिसणार नाही. माझ्या वर्गातल्या गुराख्याच्या पोराला मात्र दिसतो. उघड्या माळावर, खड्यांच्या मधोमध, खड्यांसारखीच ठिपक्यांची टिटवीची अंडी त्यानंच मला दाखवली. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जोरात, हेही त्यानंच सांगितलं. विज्ञानाच्या तासाला त्याचं तोंड उघडत नाही. माळावर आल्यावर कोणाला कुठे पाय ठेवू द्यायचा हे तोच ठरवत होता.

कन्फ्यूशियसच्या संवादांत एक प्रसंग आहे. गुरू चार शिष्यांना विचारतो, तुमची योग्यता कोणी ओळखली तर काय कराल? एकाला हजार रथांचं राज्य सावरायचं असतं, दुसऱ्याला एखादा लहानसा मुलूख सुखी करायचा असतो, तिसऱ्याला पूर्वजांच्या देवळातल्या विधींत दुय्यम का होईना जागा हवी असते. चौथा, झेंग दिआन, तंतुवाद्य वाजवत बसलेला. ते बाजूला ठेवून तो सांगतो की वसंत सरताना नवे कपडे घालून, पाच-सहा मोठी माणसं आणि सहा-सात पोरं बरोबर घेऊन नदीत अंघोळ करावी, पर्जन्ययज्ञाच्या वेदीपाशी वारा खावा आणि गात गात घरी यावं. गुरू उसासा टाकतो आणि आपलं मत याच्याच पारड्यात घालतो. अडीच हजार वर्षं पंडित या उसाशाचा अर्थ लावत आहेत.

हा प्रसंग मला फार आवडतो आणि दर वेळी खटकतोही. त्या मंडळींचा डबा कोणी भरला? पोरं नदीतून बाहेर आल्यावर डोकी कोणी मोजली? गात परतताना सगळ्यात मागे, चप्पल तुटलेल्या पोराला घेऊन, कोण चालत होतं? झेंग दिआननं पोरांचा आकडा ‘सहा-सात’ असा ढोबळ सांगितला, तिथेच मला कळलं की मोजणी त्याच्याकडे नव्हती. ज्याच्याकडे ती असते त्याला सहा की सात हा प्रश्न असा मोकळा सोडता येत नाही.

सहलीतली बाई वसंत बघत नाही, ती मोजते. निघताना, रस्ता ओलांडल्यावर, पाण्याजवळ, विहीर दिसली की पुन्हा. माझी लेक माझ्याच वर्गात होती त्या वर्षी तिनं घरी येऊन तक्रार केली, “तू सगळ्यांना मोजतेस, मला मोजतच नाहीस.” खरंच होतं. आपलं पोर हाताच्या अंतरावर असणारच असं धरून आई चालते. सासूबाई बरोबर येतात तेव्हा लेकीला त्याच मोजतात. त्यांच्या पिढीच्या बायकांना वसंतात घराबाहेर पडायला कारण लागायचं, आणि ते देव पुरवायचा: पैठणची नाथषष्ठी, हनुमान जयंतीला खुलताबादचा भद्रा मारुती, चैत्री पौर्णिमेला म्हैसमाळच्या गिरजामातेची जत्रा. उन्हाळ्याच्या तोंडाशीच या जत्रा का भरतात याला शास्त्राची कारणं असतील. सासूबाईंचं कारण सोपं आहे. रब्बी घरात आलेली असते, पेरणी लांब असते, मधल्या दिवसांत बाईला कोणी अडवत नाही.

नाथांची एक गोष्ट मी वाटेत सांगते. भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक महाराचं पोर आईमागे धावताना पडून रडत होतं. एकनाथांनी विटाळाचा विचार न करता त्याला कडेवर घेतलं आणि घरी पोचवलं. गोष्ट सांगताना भर असतो तो नाथांच्या मोठेपणावर, आणि तो आहेच. पण बाईच्या नात्यानं मला त्यातली नजर जास्त महत्त्वाची वाटते. घाटावरून किती माणसं आली-गेली असतील. कोणाचं तरी एक पोर मागे राहिलंय हे त्या गर्दीत एकाला दिसलं.

मोजायची सवय लागली की न आलेल्यांचाही हिशोब आपोआप लागतो. आमच्या रांगेत फाल्गुनात हमखास कमी असतात ती ऊसतोडीला गेलेल्या घरची पोरं. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेलं जोडपं, म्हणजे एक ‘कोयता’, बिऱ्हाड गाडीत भरून निघतं. पोर आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलं तर ठीक, नाहीतर तेही कोपीवर. हंगाम संपून पट्टा पडला की ती परत येतात, साधारण आमच्या परीक्षेच्या तोंडावर. अशाच एकाला मी विचारलं, काय काय पाहिलंस? त्यानं नद्यांची नावं सांगितली, कारखान्यांची सांगितली, रात्री फडाच्या कडेला दिसलेला बिबट्या सांगितला. भूगोलाच्या पेपरात तो नापास होण्याच्या बेतात होता.

शिऊरला संत बहिणाबाईंच्या समाधीवर लेकीला घेऊन जाते तेव्हा हाच मुलगा डोक्यात असतो. आपल्याच तालुक्यातलं हे ठिकाण, तुकोबांच्या बीजेच्या सुमारास जायला छान. बहिणाबाई 1628 साली देवगाव रंगारीत जन्मल्या, 1700 साली शिऊरला वारल्या. लहानपणीच वयानं कितीतरी मोठ्या बिजवराशी लग्न, भाऊबंदकीच्या भांडणातून गाव सुटलं, आणि आई-वडील व नवऱ्यामागे ही मुलगी पंढरपूर, रहिमतपूर, कोल्हापूर अशी फिरत राहिली. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनाला तिच्या मागे एक वासरू जायचं. त्या वेड्या ओढीपायी नवऱ्याचा मारही तिनं खाल्ला. हे सगळं तिनं स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवलं, आणि मरण जवळ आल्यावर मुलाला आपले मागचे बारा जन्म सांगितले. भक्त म्हणून तिची थोरवी सांगणारे पुष्कळ आहेत. मला ती दिसते शाळेच्या वयाची, मोठ्यांच्या अडचणीमुळे मुलखाबाहेर पडलेली. आज असती तर हजेरीपटावर तिच्या नावापुढे लाल शाईनं ‘स्थलांतरित’ असं लिहून आम्ही मोकळे झालो असतो.

ताराबाई मोडकांना हे लिहून मोकळं होणं पटलं नाही. 1945 साली बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पोरं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखतात. मग शाळाच कुरणात न्यावी, म्हणून अनुताई वाघांच्या साथीनं कुरणशाळा झाली. ताराबाई स्वतः एका मुलीच्या आई. मला वाटतं, पोर येत नसेल तर त्याच्याकडे जायचं, हे शिक्षणशास्त्राच्या पुस्तकाआधी आईला ठाऊक असतं. शाळेत शिरताना आम्ही ते चपलांबरोबर बाहेर ठेवतो.

गेल्या चैत्रात सातवीच्या मुली अचानक कमी दिसायला लागल्या. उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली होती. बायका उक्तं घेतात, एकरावर ठरतं, आणि मग घरात जेवढे हात तेवढे वावरात. म्हणून त्या दिवशी धरणाकडे न जाता सगळी रांग वावराकडे वळवली. लेक होती, सासूबाईही होत्या. गैरहजर मुली तिथे विळा घेऊन बसलेल्या. मानेपासून किती बोटं ठेवून पात कापायची हे त्यांनी आमच्या पोरांना शिकवलं. जवळून कापली तर कांदा चाळीत सडतो, हे सांगताना त्यांचा आवाज अगदी माझ्यासारखा चढला होता. सासूबाई बांधावर बसून चुकलेले कांदे बाजूला काढत होत्या. परीक्षेला मुलींना पाठवा, असं मी त्यांच्या आईपाशी बोलायला गेले तेव्हा तिनं उरलेल्या वाफ्यांकडे बघितलं, माझ्या रांगेकडे बघितलं आणि म्हणाली, “पाठविते की. पण बाई, उद्या बी आणा ना पोरं. दोनच वाफे राह्यले.”

उद्या गणिताचा पेपर आहे, असं मी म्हणाले.

“मंग पेपर झाल्यावर या,” ती म्हणाली.