निघण्याआधीच्या अटी

कर्नाळ्याचं रान 1968 साली पक्षी अभयारण्य झालं आणि चिरनेरच्या बंदूकवाल्यांची पंचाईत झाली. तोवर शिकारीला जायचं म्हणजे संध्याकाळी जेवून डोंगराकडे वळायचं आणि उजाडायच्या आत घरी. त्याला तयारी कसली लागते? आता शिकार करायची तर लांब जायला हवं, परक्या गावात राहायला हवं, शिधा न्यायला हवा. वन्यजीव संरक्षणाचा कायदा यायला अजून अवकाश होता, तो आला 1972 साली. आज असा बेत कुणी आखला तर शेवट पोलीस ठाण्यातच व्हायचा, आणि तो व्हायलाच हवा. पण गोष्ट त्या मधल्या वर्षांतली आहे.

पौषात पेणच्या पलीकडच्या सोयऱ्याचा निरोप आला. भात निघाल्यावर पेरलेला वाल ऐन शेंगांवर होता आणि रानडुकरं रोज रात्री उतरून नासधूस करत होती. चार माणसं या, बंदूक आणा.

बंदूक दादूसकडे होती. दादूसचं खरं नाव निम्म्या गावाला ठाऊक नव्हतं. बाप गेल्यावर ठासणीची बंदूक आणि पीक संरक्षणाचा परवाना त्याच्या नावावर झाला होता आणि तेव्हापासून तो जरा छाती काढूनच चालत होता. निरोप आला त्याच रात्री त्याच्या ओटीवर बैठक बसली. दोन चुलतभाऊ, एक मेव्हणा आणि खांबाला टेकून नाना. नाना म्हणजे दादूसचा थोरला चुलता, साठीच्या घरातला. पायवाटेवरचा माग वाचणारा तेवढा एकच उरला होता, म्हणून त्याला घेणं भाग होतं.

तयारी जोरात झाली, हे कबूल करायला हवं. खाडीच्या खाऱ्या हवेनं दारू सर्दावते म्हणून ती कागदावर पसरून उन्हात वाळवली, बाटलीत भरली आणि बुचावर मेण ओतलं. छरे वेगळे, शिशाच्या गोळ्या वेगळ्या, टोप्या पानाच्या जुन्या डबीत. तांदूळ, मीठ, मिरची, जवळा, सुके बोंबील. पाण्याला दोन भोपळे. कंडक्टर कुत्री एसटीत घेणार नाही म्हणून धाकट्या भावानं कुत्र्यांना घेऊन आदल्या दिवशीच पायी निघायचं ठरलं. तो फुगून बसला, तेव्हा त्याला एक वाटा वाढवून दिला.

वाट्यांवरून मात्र मध्यरात्र झाली. मुंडी बंदुकवाल्याची, हे सगळ्यांना मान्य. मागची तंगडी सोयऱ्याला द्यायची की पुढची? हाकाऱ्यांना किती? कुत्र्यांचा वाटा धाकट्याच्याच घरी जाणार, मग त्याला दोन का? बाजारात तुरी म्हणतात तसला हा प्रकार. घरातल्या बायकांनी तर सकाळी मसालाही वाटून टाकला.

नाना इतका वेळ गप्प होता. सगळे उठायला लागले तेव्हा त्यानं विचारलं, "परवान्यावर हद्द कुठली लिवलीय ती वाचलीस का?"

दादूसनं वाचली नव्हती. कंदील आणून वाचली. निघालं ठीक.

"बरं. मंग आता माझ्या अटी ऐका. पटल्या तर मी येतो."

पहिली अट, एकदा जागा धरली की हाका संपल्याची शीळ होईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. दुसरी, जनावर जखमी झालं तर ते सापडेपर्यंत कुणी घराचं नाव काढायचं नाही, मग दोन दिवस लागोत. घायाळ डुक्कर वाटेवरच्या कुणालाही फाडतो, त्याचं पाप आपल्या माथी. या दोन्ही सगळ्यांनी मान डोलावून मान्य केल्या.

"तिसरी. आवाजावर गोळी नाय. हललेल्या पाल्यावर नाय. जनावर कानापासून शेपटापर्यंत दिसल्याबिगर चापाला बोट लावायचं नाय."

इथं दादूस उसळला. "नाना, डुक्कर काय उभा राहून फोटो काढून घेतो? करवंदीतून निघाला की एका उडीत पार. कान बघू की शेपूट बघू?"

"मंग गेला तर गेला."

"इतकी तयारी करून?"

"त्यासाठीच तर आत्ता सांगतो. इथं ओटीवर डोकं थंड हाय तुझं. तिथं हाका सुरू झाला की ते थंड राहायचं नाय. तिथं नवं काय सुचत नाय रं, घरून जे ठरवून नेलं तेच हाताशी असतं."

मेव्हण्यानं हसून विचारलं की नानानं एवढी धास्ती कशाची घेतलीय. नानानं त्याच्याकडे बघितलं, मग बाहेर, अक्कादेवीच्या डोंगराच्या दिशेला.

चिरनेरात त्या डोंगराकडे बोट दाखवलं की पुढचं सांगावं लागत नाही. 25 सप्टेंबर 1930. जंगलाचा कायदा मोडायला आजूबाजूच्या गावांतली माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन जमली होती, आगरी, कोळी, कातकरी सगळे. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही गेले, नाग्या कातकरी त्यांतलाच. सरकारचे मामलेदार जोशी, तेही त्याच गोळीबारात मेले. नाना तेव्हा विशीतला होता आणि डोंगरावर होता. घरात तो याबद्दल फारसा बोलत नसे. त्या रात्री एवढंच म्हणाला, "ज्यानं चाप ओढला त्यानं माणूस नव्हता बघितला. गर्दी बघितली व्हती. आणि गोळीला साहेब कळत नाय, कातकरी कळत नाय."

दादूसला हे मनापासून पटलं असं नाही. सरकारची गोळी निराळी आणि आपली शिकार निराळी, असं त्याचं मत. पण नानाशिवाय माग कोण काढणार? त्यानं महागणपतीच्या नावानं शपथ घेतली आणि झोपायला गेला.

सोयऱ्याच्या गावी सगळं नीट जमून आलं. नानानं ओल्या मातीत खुरांचे ठसे दाखवले, झाडाच्या बुंध्याला डुकरानं अंग घासल्यानं लागलेला चिखल दाखवला. डुकराची नजर अधू पण नाक भारी, म्हणून वारा अंगावर येईल अशा जागा निवडल्या. दादूसला घळीच्या तोंडाशी बसवलं. पत्र्याचे डबे वाजवत, ओरडत हाकारे वरून निघाले.

आवाज जवळ आला तशी दादूसच्या समोरची जाळी हलली. थांबली. पुन्हा हलली. सुका पाला चुरडत काहीतरी जड खाली ओढत येत होतं. पाल्याच्या फटीतून काळी, वाकलेली पाठ दिसली, जमिनीपासून हातभर-दोन हात उंच. दादूसनं घोडा चढवला. एवढ्या अंतरावरून पोरानंही नेम मारला असता. कान दिसत नव्हते. शेपूट दिसत नव्हतं. त्यानं मनातल्या मनात नानाला अशी शिवी दिली की ती मी इथं लिहू शकत नाही. बोट चापाच्या बाहेर ठेवलं.

जाळीतून आधी मोळी बाहेर आली, मागून ती ढकलणारी वाडीवरची कातकरी बाय. डब्यांच्या आवाजाला भिऊन ती पायवाट सोडून झुडपात शिरली होती आणि वाकूनच वाट काढत होती. काळी घोंगडी पाठीवर. समोर बंदूक बघितली तशी मोळी टाकून मटकन खाली बसली. तेवढ्यात पन्नास पावलांवरून खरं डुक्कर घळ ओलांडून गेलं. कानापासून शेपटापर्यंत स्वच्छ दिसलं. दादूसचे हात इतके कापत होते की घोडा खाली घ्यायलाच त्याला वेळ लागला.

नानानं तिथंच शीळ घालून हाका थांबवला. दादूसला तो एक शब्द बोलला नाही. सोयऱ्याला मात्र त्यानं धरलं. "तू म्हणालास सगळ्यांना सांगितलंय."

"गावात दवंडीच दिली की."

"आणि वाडीवर?"

सोयरा गप्प. वाडीवर सांगायचं त्याला सुचलंच नव्हतं. रानात रोज जाणारी माणसं तेवढी वाडीवरचीच आणि निरोप तेवढा त्यांनाच नव्हता. नाना स्वतःशीच पुटपुटला की हे आपणही विचारायला हवं होतं. मग त्यानं त्या बायची मोळी मेव्हण्याच्या डोक्यावर दिली आणि वाडीपर्यंत पोचवायला लावली.

चिरनेरला परतले तेव्हा सोबत सोयऱ्यानं दिलेल्या वालाच्या शेंगांचं पोतं होतं. वाटलेला मसाला वाया जाऊ नये म्हणून भांबुर्डीचा पाला आणून शेतात शेंगा भाजायची पोपटी लावली, मसाला कोंबडीला चोळला. गावानं व्हायची ती थट्टा केली. डुकराला बघून दादूसला घाम फुटला, असंच गावात पसरलं आणि दादूसनं ते पसरू दिलं.

पुढच्या पौषात निरोप पुन्हा आला. नानाचे गुडघे गेले होते, तो घरीच राहणार होता. या खेपेला मेव्हण्यानं पनवेलचा एक पाहुणा आणला होता. त्याच्याकडे दोन नळ्यांची काडतुसाची बंदूक होती आणि तो स्वतःच्या खर्चानं जीपही आणणार होता. भाऊ खूष. कुत्र्यांना पायी न्यायचा प्रश्नच मिटला.

दादूसनं वाटे कसे पडतील ते काढलंच नाही. त्यानं अटी सांगितल्या, आता चार होत्या. तिसरी ऐकून पाहुणा हसला. म्हणाला, "अहो, पंचवीस वर्षं बंदूक चालवतोय मी. माझा कान कधी चुकत नाही."

"मग तुमचं नि आमचं जमायचं नाय, शेठ," दादूस म्हणाला.

जीप गेली. मेव्हणा आठवडाभर बोलत नव्हता. धाकट्यानं कुत्री घेऊन पेणच्या पुढची वाट पायी धरली आणि वाटभर भावाच्या नावानं बोटं मोडली. बाकीचे एसटीनं गेले. पहिला अख्खा दिवस वाड्या-पाड्यांवर, उद्या रानात कुणी शिरू नका म्हणून सांगत फिरण्यात गेला. शिधा एका दिवसाचा जास्तच बांधलेला होता.