खालचा बँड कुठे गेला?

ही आकृती तूच कापलीस ना? मग खाली बघू नकोस, इकडे बघ. ४३ किलोडाल्टनपाशी फॉस्फो-क्रेबचा बँड ठेवलास आणि त्याच्याखालचा सरळ उडवलास. विचारलं तर म्हणतोस, तो नॉन-स्पेसिफिक होता. कुणी सांगितलं तुला? अँटिबॉडीच्या बाटलीबरोबरचा कागद उघडून तरी पाहिलास का? त्यात स्पष्ट छापलंय, ही अँटिबॉडी फॉस्फोरिलेटेड एटीएफ-१ लाही धरते. धरणारच! क्रेबमधल्या १३३ व्या सेरीनभोवतीची अमिनो आम्लं आणि एटीएफ-१ मधल्या ६३ व्या सेरीनभोवतीची अमिनो आम्लं तीच आहेत. दोन आर्जिनिन, एक प्रोलिन, मग सेरीन. अँटिबॉडीला प्रथिनाचं नाव कळत नाही रे, तिला तेवढा तुकडा आणि त्यावरचा फॉस्फेट कळतो. पेशीनं तुला पूर्ण उत्तर दिलं होतं, त्यातलं अर्धं तू फाडून टाकलंस.

त्याहून वाईट म्हणजे, याच अँटिबॉडीनं पेशी रंगवल्यास आणि केंद्रकातली सगळी चमक क्रेबच्या नावावर मांडलीस. ब्लॉटवर दोघं वजनानं वेगळे तरी पडतात. स्लाइडवर कसे वेगळे करणार होतास?

सीएएमपी वाढवायला फॉर्स्कोलिन दिलेली लेन मोठ्या तोऱ्यात दाखवतोस, न दिलेली कुठाय? एकूण क्रेबचा ब्लॉट कुठाय? फॉस्फेट वाढला की प्रथिनच वाढलं, हे कशावरून ठरवलंस? लॅम्डा फॉस्फेटेज फ्रीझरमध्ये पडून आहे. एका नमुन्यावर वापरलं असतंस, तर बँड जातो की राहतो ते तिथल्या तिथे कळलं असतं. लायसिस बफरमध्ये फॉस्फेटेज इनहिबिटर घातल्याची वहीत नोंद नाही. मग सिग्नल कमी का आला म्हणून अँटिबॉडीला कसला दोष देतोस?

१९८९ साली गोन्झालेझ आणि माँटमिनी यांनी क्रेबमधला हा १३३ वा सेरीन तेवढा बदलून पाहिला आणि सीएएमपीचा हुकूम जनुकापर्यंत पोचेनासा झाला. इतकं त्या एका जागेवर अवलंबून आहे, आणि तिचा पुरावा तू कात्रीनं तयार करतोस!

मंगळवारी अख्खं मेंब्रेन दाखवायचं, वजनाच्या खुणांसकट, खालच्या बँडवर एटीएफ-१ असं लिहून. स्लाइडवरचे फोटो तोवर बाजूला ठेव. ही आकृती अशीच शोधनिबंधात जाणार असेल, तर त्यावर माझं नाव घालायचं नाही.