देहाचे स्वामित्व

मराठीत ‘अंग चोरणे’ असा एक वाक्प्रचार आहे. बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेली स्त्री प्रौढपणीही पुष्कळदा अंग चोरूनच वावरते. चोरी दुसऱ्याने करावी आणि अंग मात्र तिने चोरावे, असा क्रूर उपरोध या शब्दांत नकळत येऊन बसला आहे. परक्या झालेल्या या देहाला देहाच्याच वाटेने बरे करता येईल काय, हा प्रश्न वैद्यकाइतकाच नीतीचाही आहे.

मराठी वाचकाला या संदर्भात तंजावरचे स्मरण व्हावे. दुसऱ्या सरफोजी भोसल्यांच्या (१७९८–१८३२) दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंनी सदिर नृत्याची शिस्त घडविली. त्या नृत्यासाठी मराठीतही निरूपणे रचली गेली. परंतु हे नृत्य जिच्या अंगी मुरत असे, ती बहुधा देवाला वाहिलेली मुलगी होती. तिला देहाचे विलक्षण भान मिळे. त्या देहाविषयीचा निर्णय मात्र ती कळती होण्यापूर्वीच इतरांनी घेतलेला असे. त्याच समाजातून आलेल्या मुवलूर रामामिर्दम् अम्मैयार यांनी १९३६ च्या आपल्या तमिळ कादंबरीत या जाळ्यावर कोरडे ओढले. १९४७ च्या मद्रास कायद्याने मुली वाहण्यास बंदी घातली. तथापि तंजावर दरबाराचा वारसा लाभलेल्या बालसरस्वती (१९१८–१९८४) यांना याच नृत्यात आत्मगौरवाचे स्थान सापडले, हेही विसरता येत नाही. तेव्हा दोष नृत्याचा नव्हे. हिरावलेल्या संमतीचा होय.

आज तेच साधन उपचाराच्या रूपाने परत आले आहे. २००४ साली सोहिनी चक्रवर्ती यांनी स्थापिलेली ‘कोलकाता संवेद’ ही संस्था अत्याचारातून सुटलेल्या मुलींसाठी नृत्याचा उपचार म्हणून उपयोग करते. अमेरिकेत सिंथिया प्राइस यांनी २००५ साली बालपणी अत्याचार झालेल्या २४ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या स्त्रिया मानसोपचार घेतच होत्या. त्यांच्यापैकी काहींना आठ बैठकांत देहाकडे आतून लक्ष देण्यास शिकविले गेले, इतरांना केवळ मालिश मिळाले. दोन्ही गटांना लाभ झाला. दोहोंत लक्षणीय अंतर आढळले नाही. इतक्या लहान संख्येवरून सिद्धान्त मांडता येणार नाही. पण गुण तंत्राचा की विचारून केलेल्या स्पर्शाचा, अशी शंका मात्र रास्तपणे उद्भवते.

येथेच उपचारकाची कसोटी लागते. ‘तुझ्या भल्यासाठीच’ हे शब्द त्या स्त्रीने पूर्वीही ऐकलेले असतात, आणि बरेचदा घरातल्याच माणसाच्या तोंडून. हेतू शुद्ध असला तरी तिच्या अनुमतीवाचून ठेवलेला हात तिच्या देहाला जुन्या हातासारखाच कळतो. म्हणून ‘थांबा’ म्हणण्याचा तिचा अधिकार हा उपचाराचा केवळ शिष्टाचार नव्हे, तो उपचाराचा गाभा होय. ज्या बैठकीत तिने नकार दिला आणि तो मानला गेला, ती बैठक वाया गेली असे समजू नये; कदाचित तिच्या आयुष्यात असे प्रथमच घडत असेल.

याची किंमतही मान्य केली पाहिजे. काही स्त्रिया नाचणार नाहीत, काही स्पर्श कायमचा नाकारतील. त्यांना ‘अजून बऱ्या न झालेल्या’ ठरविणे म्हणजे त्यांच्या देहाचा निवाडा पुन्हा एकदा दुसऱ्याने करणे होय.