लक्कम्मांचे माप



आय्दक्की मारय्या आणि लक्कम्मा या शरण दांपत्याची कथा आपण पुराणात, श्रावणातील प्रवचनांत अनेकदा ऐकली आहे. कन्नडात 'अक्की' म्हणजे तांदूळ. सांडलेला तांदूळ वेचणे हे मारय्यांचे कायक होते, त्यावरूनच त्यांना हे नाव पडले. बाराव्या शतकात हे दोघे कल्याणास येऊन राहिले. बसवण्णांच्या महामनेच्या अंगणात सांडलेले दाणे मारय्या वेचून आणीत, लक्कम्मा ते शिजवून जंगमांना दासोह करीत आणि मग उरलेला प्रसाद दोघे घेत. एके दिवशी मारय्या नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले. लक्कम्मांनी तो पाहिला मात्र, आजच्यापुरता ठेवून जास्तीचा तांदूळ जिथून आणला तिथेच टाकून यावा, असे पतीला सांगितले. मारय्यांनीही तो परत नेऊन टाकला.

ही कथा आपण सांगतो खरी, पण बहुधा चुकीच्या माणसांना सांगतो. गरिबाने आहे त्यात समाधान मानावे, जास्तीची हाव धरू नये, असा उपदेश करण्यासाठी ती वापरली जाते. वाचकहो, थोडा विचार करा. लक्कम्मांच्या घरी कोठार नव्हते. वेचून आणलेल्या दाण्यांवर त्यांचा संसार चालत होता. अशा घरातील माउलीने आपल्या गरजेचे माप घेतले आणि वरचे चार मुठी दाणे आपले नव्हेत, असे ठरवले. मग ज्यांच्या घरी पोत्यांची थप्पी आहे, बँकेत ठेवी आहेत, शहरात दुसरे घर कुलूप लावून पडले आहे, त्यांचे माप किती काटेकोर असले पाहिजे? ही कथा उपाशी माणसाला गप्प बसवण्यासाठी नाही. ती आपल्यासारख्या पोटभर जेवणाऱ्यांसाठी आहे.

दान आणि दासोह यांतील फरक येथेच कळतो. दान देणारा म्हणतो, हे माझे आहे, यातले थोडे मी तुला देतो. देणाऱ्याचा हात वर राहतो, घेणाऱ्याची मान खाली जाते. दासोहात देणारा स्वतःला दास समजतो. त्याच्या लेखी धन शिवाचे, समाजाचे. ते ज्याचे त्याला पोचवणे एवढेच आपले काम. पोस्टमन मनीऑर्डरचे पैसे हातात देतो, तेव्हा त्याने आपल्यावर उपकार केले असे आपण म्हणत नाही. मग भुकेल्याच्या पानात पडणारे अन्न त्याच्या हक्काचे आहे, हे मान्य करायला आपली जीभ का अडखळते?

आज जगाने हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत लिहून ठेवली आहे. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पंचविसाव्या कलमात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार हे प्रत्येक माणसाचे हक्क मानले आहेत. भारतीय संविधानाचे ३९ वे कलम सर्वांना उपजीविकेचे पुरेसे साधन मिळावे आणि संपत्ती मोजक्या हातांत एकवटू नये, असे राज्याला बजावते. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इशारा दिला होता की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता असा विसंवाद घेऊन आपण प्रजासत्ताकात प्रवेश करीत आहोत, आणि तो फार काळ तसाच ठेवला तर लोकशाहीच धोक्यात येईल. पुढे २०१३ साली अन्न सुरक्षा कायदा झाला. ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकांना सवलतीच्या धान्याचा हक्क मिळाला. प्राधान्य कुटुंबांसाठी त्याचे माप माणशी महिना ५ किलो ठरले. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत देण्यास सुरुवात झाली.

यावर एक आक्षेप आपल्या गावोगावी ऐकू येतो. फुकटच्या रेशनाने माणसे आळशी झाली, शेतात कामाला कोणी येत नाही. हा आक्षेप घेणारे पुष्कळदा आपलेच लिंगवंत शेतकरी, व्यापारी बंधू असतात, आणि ते कायकाचा हवालाही देतात. त्यांची अडचण खोटी नाही. खुरपणीच्या दिवसांत माणूस मिळाला नाही तर पीक हातचे जाते. तरीही हिशेब करून पाहू. महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमही भरत नाही. तेवढ्यात तेल, मीठ, डाळ, औषध, मुलांच्या वह्या येत नाहीत. एवढ्या धान्यावर कोणी आयुष्यभर बसून खाऊ शकत नाही. मात्र घरात दोन वेळची सोय असेल तर पडेल त्या मजुरीला 'नाही' म्हणण्याचे बळ त्याला येते. आपल्याला खुपते ते नेमके हेच, असे तर नाही ना? आपल्या मनाला विचारून पाहा.

कायक म्हणजे नुसते काम नव्हे. शरणांनी कायकालाच कैलास मानले, कारण ते मनापासून, शुद्ध भावाने आणि स्वाभिमानाने केलेले काम आहे. संध्याकाळी चूल पेटणार नाही या भीतीने, मिळेल त्या पैशात, शिव्या ऐकत केलेल्या कष्टाला कायक म्हणता येणार नाही. ती वेठ आहे. पोटाची भीती गेली की माणूस खऱ्या कायकाला मोकळा होतो. म्हणून अन्नाचा हक्क हा कायकाचा पाया आहे, असे आम्हांस वाटते.

अन्नाबरोबर कामाचाही हक्क हवा. महाराष्ट्राने याचा एक थोर दाखला घालून दिला आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेने लाखो हातांना काम दिले. १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि मागेल त्याला काम हे तत्त्व त्यातून कायद्यात आले. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. शहरातील पगारदाराच्या, व्यावसायिकाच्या मिळकतीचा लहानसा वाटा खेड्यातील खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी जाऊ लागला. हा दासोहच होय, कायद्याने बांधलेला.

मठांचेही यात कर्तव्य आहे. तुमकूरच्या सिद्धगंगा मठात डॉ. शिवकुमार महास्वामीजींनी जातपात न पाहता हजारो मुलांच्या अन्न, निवारा आणि शिक्षणाची विनामूल्य सोय केली. २०१९ साली ते लिंगैक्य झाले, पण तेथील चूल विझली नाही. त्या पंगतीतील मूल याचक म्हणून बसत नाही, घरचे म्हणून बसते.

तेव्हा वाचकहो, येत्या जत्रेपूर्वी आपण प्रत्येकाने लक्कम्मांचे माप हाती घ्यावे. वर्षाच्या गरजेपलीकडे घरात काय उरते, ते प्रामाणिकपणे मोजावे. पण दासोहाच्या आधी देणे फेडावे. गड्याची मजुरी आठ-आठ दिवस अडवून ठेवायची आणि मठाच्या पावतीवर मोठा आकडा लिहायचा, हा शरणमार्ग नव्हे. तशा पैशातून शिजलेल्या हुग्गीला प्रसाद कसे म्हणावे? मोलकरणीचा पगार, शेतमजुराची हजेरी, दुकानातील पोराच्या दुखण्याचा खर्च हे ज्याचे त्याला दिले, की मग जे उरेल त्याचा दासोह करावा. जत्रेच्या पंगतीत अंगण झाडणारा आणि देणगीदार एकाच ओळीत बसावेत, आणि कोणाच्याही पानावर कोणाचे नाव नसावे.

सांडलेले दाणे वेचणाऱ्या माउलीने आपल्यापुढे ठेवलेला आदर्श एवढाच आहे. तो कठीण आहे. परंतु तो टाळून केलेली लिंगपूजा शिवाला पोचत नाही.

शरणु शरणार्थी.