दुसऱ्याने घेतलेले माप

जो खर्च करतो त्यानेच आपले हिशेबही तपासावेत, असे सरकारी कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या आपल्यापैकी कोणीही सुचविणार नाही. लेखापरीक्षकाचे आगमन कोणास सुखद वाटते असे नव्हे. तथापि त्याच्या येण्याने आपल्या सचोटीवर शिंतोडे उडाले, असे आपण मानीत नाही. मग अणुवीजकेंद्राभोवतालचा किरणोत्सर्ग त्या केंद्राशी संबंध नसलेला कोणी मोजू लागला, तर त्याला अविश्वासाचा दोष का द्यावा?

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. २८ तारखेच्या सकाळी, सुमारे ११०० किलोमीटर दूर, स्वीडनमधील फोर्समार्क केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या जोड्यांवरील धुळीने तपासणीयंत्र खणाणले. तेथील लोकांनी प्रथम संशय घेतला तो स्वतःच्याच केंद्राचा. मग वाऱ्याची दिशा पाहता उगम दूर पूर्वेस असल्याचे ध्यानी आले, आणि त्याच रात्री मॉस्कोने मोजक्या शब्दांत अपघात मान्य केला. पहिला संशय स्वतःवर घेण्याची ती वृत्ती आम्हांस त्या यंत्राहून मोलाची वाटते.

२०११ साली फुकुशिमाच्या अपघातानंतर याहून दुःखद प्रकार घडला. किरणोत्सर्ग कोणीकडे पसरेल याचे अंदाज सरकारी संगणक वर्तवीत होता. ते नामिएच्या रहिवाशांपर्यंत वेळेवर पोचले नाहीत. ते लोक त्सुशिमा भागात आश्रयास गेले, आणि वाराही तिकडेच वाहिला. यात कोणाचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. अपुऱ्या आधारावरचे अंदाज जाहीर कसे करावेत, हा अधिकाऱ्याचा संकोच (आपणांस तो चांगलाच परिचित आहे!) तेथे आड आला. पुढे ‘सेफकास्ट’च्या स्वयंसेवकांनी मोटारींना मापके बांधून रस्तोरस्ती नोंदी घेतल्या व त्या सर्वांस खुल्या केल्या.

अर्थात बाहेरचा मापकही चुकतो. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट वाळूतील थोरियममुळे किरणोत्सर्ग निसर्गतःच अधिक आहे. हे ठाऊक नसलेला उत्साही गृहस्थ तेथे यंत्र घेऊन गेला, तर नसत्या अपघाताची आवई उठवील. म्हणून त्याचे यंत्रही कोणी पारखलेले हवे, आणि भट्टी सुरू होण्यापूर्वीच्या नोंदी त्याच्या हाती हव्यात.

तारापूरसह आपल्या अणुवीजकेंद्रांपाशी परिसरमापनाच्या प्रयोगशाळा आहेत. परंतु त्या अणुऊर्जा खात्याच्याच. तेथील शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस शंका नाही. तारापूरच्या मच्छीमाराने मात्र त्यांचा आकडा स्वीकारावा तो कशाच्या बळावर? दुसऱ्या कोणी तो पडताळला आहे म्हणून, की पडताळण्याची सोयच नाही म्हणून?