नको कुणाला?

किशोरवयातल्या गर्भधारणेला आपण सहज 'नको असलेली' असं विशेषण लावतो. मला प्रश्न पडतो, नको असलेली म्हणजे कुणाला?

नगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगरच्या) पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे माणसं ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. न्हाण आलेल्या पोरीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं, ही आईबापांची काळजी खोटी नाही. तिला कोयत्याच्या हिशेबाची जोड मिळते आणि पोर उजवली जाते. पुढच्या हंगामात ती पोटुशी असली, तर ते गरोदरपण घरात कुणालाच नको नसतं. तिला ते हवं होतं का, हे मात्र कुणी विचारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न १८ वर्षांच्या आत झालेलं आढळलं.

लैंगिक शिक्षणानं मुलं बिघडतील, या ओरडीपुढे २००७मध्ये राज्यानं ते शाळांतून बंद केलं. या आक्षेपाच्या मुळाशी एक समजूत आहे: माहिती दिली म्हणजे परवानगी दिली. पण बालविवाहात नेमकं उलट घडतं. तिथे परवानगी मांडव घालून दिली जाते, माहिती तेवढी राहून जाते. म्हणजे भीती मुलीला काही होण्याची नसून तिला काही कळण्याची आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा समाज बिथरला तो याच भीतीनं.

कायद्याचा पेच याहून अवघड आहे. पॉक्सोनुसार १८ वर्षांखालच्या मुलीच्या संमतीला अर्थ नाही. २०१७पासून नवराही त्याला अपवाद नाही. हे संरक्षण मला हवंच आहे. पण दवाखान्याची पायरी चढली की खबर पोलिसांत जाणार असेल, तर सर्वाधिक गरज असलेली मुलगीच दूर राहते. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची आणि तिच्या पालकाची विनंती असेल, तर पोलिसांना खबर देताना डॉक्टरांनी तिची ओळख सांगण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२मध्ये म्हटलं. पण ते त्या मुलीपर्यंत कोण पोचवणार?

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०पासून गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर, बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. अशी बाई शेजारच्या ओट्यावर बसून जे बोलू शकते, ते भिंतीवरच्या पोस्टरला जमत नाही.

ज्ञानानं सगळं सुटेल, असं मी म्हणत नाही. कोपीत राहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला 'छाया'ची गोळी आणि 'अंतरा'चं इंजेक्शन माहीत झालं, म्हणून सासूपुढे तिचा शब्द चालेल असं नाही. पण आपल्या शरीरात काय घडतं आणि ते लांबवता येतं, हेच ठाऊक नसेल, तर तिच्या मनात 'नको' हा शब्द तयार तरी कसा होणार? तो ऐकायचा की नाही, हा आपला प्रश्न. तो उच्चारण्याइतकी समज तिला देणं मात्र आपण तिचं देणं लागतो, आणि ते तिचं लग्न ठरण्याआधी, शाळेतच फेडायला हवं.